दोरीपलीकडचा अफरवट: नागपूर ते गुलमर्ग, दिवसवार

निघण्याआधी, नागपूर

काश्मीरमधल्या गुलमर्गच्या गोंडोलात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, बसलं की माणूस बघता बघता २,६५० मीटरवरून ३,९५० मीटरच्या आसपास पोहोचतो. चढाईचा घाम नाही, दम नाही, वाटेत पायाखालचा बर्फ तपासायला सवड नाही. अफरवट डोंगरावरच्या वरच्या स्थानकाबाहेर स्की पायात चढवली की थोड्याच अंतरावर हद्दीची दोरी लागते. दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ दिसायला सारखाच. अलीकडचा उतार स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाने, तपासलेला असतो, गरज पडली तेव्हा सुरुंग लावून सैल बर्फ खाली पाडलेला असतो. पलीकडे कुणीही काहीही केलेलं नसतं, हिमस्खलनाचा धोका जसाच्या तसा असतो. ह्या प्रवासाची सगळी आखणी त्यावरच बेतली आहे: पलीकडे जायचं की नाही हे आदल्या संध्याकाळी, गरम खोलीत बसून ठरवायचं. वर ताजा बर्फ समोर असताना घेतलेला निर्णय फार क्वचित 'नको' असा निघतो.

हा प्रवास स्की शिकण्याचा नाही. शिकायचं असेल तर गुलमर्गलाच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, तिथला अभ्यासक्रम आधी करावा. दोरीपलीकडे जाणाऱ्याला यंत्राने न दाबलेल्या, गुडघाभर भुसभुशीत बर्फात हवं तिथे थांबता आलं पाहिजे, दोन्ही बाजूंना घसरत उतरता आलं पाहिजे आणि पडल्यावर सुटलेली स्की उतारावरच पुन्हा चढवता आली पाहिजे. हे जमत नसेल तर धोका त्या एकट्याचा राहत नाही. तो उताराच्या मधोमध अडकतो आणि बाकीचे त्याची वाट बघत नको त्या जागी उभे राहतात.

नागपुरात बर्फ नाही म्हणून तयारी होत नाही असं समजू नये. सर्वात महत्त्वाचा सराव मैदानावरच होतो. प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारं आणि बर्फाखालच्याचा संकेत शोधणारं, अंगावर बांधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेना असलेला, डिजिटल. प्रोब किमान २४० सेंटीमीटरचा, गुलमर्गच्या बर्फाला ३०० चा बरा. फावडं ॲल्युमिनियमच्या पात्याचं. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, त्यात प्लास्टिकचं पातं वाकतं किंवा तुटतं. ह्या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर उरलेल्या दोन वस्तू जवळपास निरुपयोगी आहेत.

सराव असा करायचा: एक ट्रान्सीव्हर प्रक्षेपणावर ठेवून डब्यात घालायचा, डबा पोत्यात, आणि पोतं वाळलेल्या पानांच्या ढिगाखाली. साधारण ५० बाय ५० मीटरच्या पट्ट्यात असे चार-पाच ढीग करायचे म्हणजे डोळ्यांनी अंदाज लागत नाही. शोधणाऱ्याने तीन मिनिटांच्या आत प्रोब पोत्याला लावला पाहिजे. मैदान निवडताना विजेच्या उच्चदाब तारा आणि मोबाइल टॉवर टाळायचे, नाहीतर आकडे उड्या मारतात आणि यंत्र बिघडलंय असा गैरसमज होतो. रविवार सकाळ ह्यात घालवावी, तर्री पोहे नंतर.

पायांसाठी रामटेकच्या पायऱ्या आहेतच. चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्यावा, कारण स्कीवर मांड्या उतरतानाच भरून येतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, त्यामुळे उंचीचा सराव मात्र इथे होत नाही. तो प्रवासातच बसवावा लागतो.

पहिला दिवस: नागपूर – दिल्ली – श्रीनगर

विमानाने दिल्लीमार्गे. दुसरा पर्याय रेल्वेचा: नागपूरवरून कटऱ्यापर्यंत थेट गाड्या आहेत, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते. सामान जास्त असेल आणि वेळ असेल तर रेल्वेचा विचार करावा. देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान मिळतं. स्की, बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) मिळून तेवढं सहज भरतं. क्रीडासाहित्याचं वजन आधी नोंदवलं तर काउंटरवरची घासाघीस वाचते. बूट हातसामानात घ्यावेत. स्की हरवली तर भाड्याने मिळते, पायाला बसलेला बूट मिळत नाही.

हिमस्खलनाची एअरबॅग (हँडल ओढताच फुगून माणसाला बर्फाच्या वर राहायला मदत करणारी पाठपिशवी) असेल तर दोन प्रकार लक्षात ठेवावेत. गॅसच्या नळकांड्यावर चालणारी बॅग विमानात नेता येते, पण विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि माणशी एकच. परवानगीचा ईमेल छापून सोबत ठेवावा, कारण तपासणीच्या ठिकाणी उभ्या जवानाला ही वस्तू रोज दिसत नाही. विजेवर चालणाऱ्या पंख्याच्या बॅगेला नळकांडं नसल्याने हा प्रश्न येत नाही, आणि तिचा फुगवण्याचा सराव कितीही वेळा फुकट करता येतो. आमचं मत दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं.

उपग्रहावरून बोलणारी किंवा संदेश पाठवणारी यंत्रं घरीच ठेवावीत. परदेशी स्कीपटूंच्या खिशाला ती सर्रास असतात, पण भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळांवर अशा यंत्रांवरून अटका झालेल्या आहेत. ड्रोनही नको. ताबारेषेजवळचा भाग आहे, इथे ह्या नियमांत सवलत मिळत नाही.

मोबाइलचं एक महत्त्वाचं: महाराष्ट्रात घेतलेलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड लागतं. गटातल्या किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असावं आणि निघण्याच्या आठवडाभर आधी ते सुरू झालेलं असावं. सगळ्यांचे प्रीपेड आणि हिमस्खलन झालेलं, ही वेळ कुणावर येऊ नये.

रात्र श्रीनगरात, सुमारे १,५८५ मीटरवर. थेट गुलमर्ग गाठण्याचा मोह होतो, पण ३१० वरून २,६५० वर एका दिवसात झोपायला गेलं तर डोकेदुखी आणि उलटीने पुढचे दोन दिवस जातात. उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइड ही गोळी घ्यायची असेल तर नागपुरातच डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे नक्की सांगावं.

दुसरा दिवस: श्रीनगर – तंगमर्ग – गुलमर्ग

अंतर पन्नासेक किलोमीटर, पण शेवटचे तेरा किलोमीटर वेगळे. बर्फ पडला असेल तर तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेली गाडीच सोडतात. श्रीनगरहून आणलेली साधी गाडी तंगमर्गला थांबते आणि तिथून स्थानिक गाडी करावी लागते. स्की टपावर बांधायला दोन पट्टे सोबत असले तर बरं.

गुलमर्गला भाड्याने साहित्य मिळतं. ट्रान्सीव्हर भाड्याने घेताना तीन गोष्टी तिथेच उभं राहून तपासाव्यात: बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट-पांढरा थर नाही ना, बॅटऱ्या अल्कलाइन आणि एकाच कंपनीच्या आहेत ना, आणि दुसरा ट्रान्सीव्हर ४० मीटरवर नेला तरी तो पकडतो ना. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या ह्यात घालू नयेत. त्यांचा दाब शेवटपर्यंत सारखा राहून अचानक कोसळतो, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी खोटी ठरते. बाइंडिंग आपल्या वजनाला आणि बुटाच्या लांबीला लावून घ्यावं, दुकानदाराला पेचकस हातात घेऊन आकडा फिरवताना आपण बघावं.

गाइड ठरवणं हा दिवसाचा मुख्य उद्योग. भाव नंतर. आधी विचारावं: हिमस्खलनाचं प्रशिक्षण कुठे, कोणत्या पातळीचं घेतलं? स्वतःकडे ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आहे का? सध्याच्या बर्फात कमकुवत थर किती खोलीवर आहे? कोणत्या बाजूला आज जाणार नाहीस आणि का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे पटकन आणि सविस्तर तयार असतं तो माणूस घ्यावा. 'सगळीकडे जाऊ, काही होत नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

खोलीतल्या बुखारीबद्दल, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीबद्दल. लाकडाची असो वा गॅसची, धुराड्याचा जोड सैल असेल किंवा बर्फाने तोंड बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नसतो. झोपताना बुखारी विझू द्यावी, खिडकीची फट उघडी ठेवावी. सकाळी डोकं जड वाटलं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चालू नये. खोलीतल्या सगळ्यांचं एकाच वेळी दुखत असेल तर आधी बाहेर पडावं. बुटांच्या आतली काढता येणारी अस्तरंही बुखारीला चिकटवून वाळवू नयेत, उष्णतेने त्यांचा आकार बदलतो.

तिसरा दिवस: कोंगडोरी आणि बर्फातला सराव

गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा, अफरवटच्या खांद्यापर्यंतचा, २००५ चा. आज पहिल्यावरच थांबायचं.

सकाळी स्किन्स लावून तासभर चढ. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. काढल्यावर तिचा गोंद बर्फाला लागू द्यायचा नाही. दुमडून जॅकेटच्या आत ठेवायची, पिशवीत बाहेर ठेवली तर गारठून पुन्हा चिकटत नाही. पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठते, म्हणून थर्मास, माणशी एक लिटर. खिशात डिंकाचे लाडू चालतात. चॉकलेटचं लाकूड होतं.

उरलेला वेळ बचावाच्या सरावाला. नागपूरच्या मैदानावर जे केलं तेच, पण आता हातमोजे घालून, एक मीटर खोल पुरलेल्या पिशवीवर. ह्यामागचं गणित कठोर आहे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत काढला तर दहापैकी नऊ वाचतात. अर्ध्या तासाच्या दिशेने जाताना हे प्रमाण तिनात एकापर्यंत घसरतं, आणि बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. दहा मिनिटांत खालून कुणीही पोहोचत नाही. म्हणजे वाचवणारे तेच, जे त्या क्षणी सोबत आहेत.

क्रम असा. वरून आणखी काही येण्याची शक्यता आहे का ते बघायचं. गाडला गेलेला शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरायची. एकाने ११२ ला फोन करायचा, बाकी सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचे, *सगळ्यांनी*, कारण एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तर सगळे त्याच्याकडेच धावतात. शेवटच्या जागेपासून खाली, काठांपासून २० मीटर आणि दोन शोधकांत ४० मीटर अंतर ठेवून नागमोडी उतरायचं. बर्फावर दिसणारी काठी, हातमोजा, टोपी ओढून बघायची. संकेत मिळाला की यंत्रावरच्या बाणाच्या मागे जायचं. त्यावरचा अंतराचा आकडा १० च्या आत आला की चाल मंद करायची, ३ च्या आत आला की यंत्र बर्फाला टेकवून, न फिरवता, आधी एका रेषेत आणि मग तिला काटकोनात सरकवायचं. सर्वात लहान आकड्याच्या जागी खूण.

प्रोब उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात घालायचा. सरळ खाली घातला तर तिरक्या उतारावर माणूस चुकतो. खुणेपासून सुरू करून २५ सेंटीमीटर अंतराने गोल गोल बाहेर. माणूस लागला की प्रोब तिथेच राहू द्यायचा.

खणणं हाच सर्वात वेळखाऊ भाग आहे आणि सराव नेमका ह्याचाच कमी होतो. प्रोबवर जेवढी खोली दिसते तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून तिथून आडवं आत शिरायचं. थेट वरून खणलं तर खड्ड्याच्या भिंती पुन्हा त्याच्यावरच ढासळतात आणि खणणाऱ्याचं वजन त्याच्या तोंडापुढची हवेची पोकळी बुजवतं. पुढचा एकजण बर्फ कापणार, मागचे इंग्रजी व्ही आकारात उभे राहून तो खाली ढकलणार, आणि दर मिनिटाला पुढचा माणूस बदलायचा. दमेपर्यंत एकानेच खणू नये. तोंड उघडं झालं की थांबायचं, श्वास बघायचा, मग बाकीचं.

ट्रान्सीव्हर अंगावर, बाहेरच्या जॅकेटच्या आत, पट्ट्यासह. मोबाइल प्रक्षेपणावेळी २० सेंटीमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटीमीटर दूर, विजेवर गरम होणारे हातमोजे बंद. कृती-कॅमेरा छातीवर लावायची फॅशन आहे, तो बरोबर ट्रान्सीव्हरवर येतो. काढून टाकावा.

चौथा दिवस: दुसरा टप्पा, दोरीच्या आत

ताज्या बर्फानंतर दुसरा टप्पा सकाळी उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. रांगेत ह्यावरून वाद घालणारे पर्यटक नेहमी दिसतात. बंद असण्याची कारणं दोनच, आणि दोन्ही बिनतोड. पहिलं, पेट्रोलचं सुरुंगाचं काम संपलेलं नसतं. दुसरं, वारा. जून २०१७ मध्ये वाऱ्याने उन्मळलेलं झाड पडून गोंडोलाची दुर्घटना झाली आणि सात जणांचा जीव गेला. तेव्हापासून वाऱ्याच्या बंदीवर कुरकुर करण्याचं धैर्य निदान आमच्यात नाही. तिकीट आणि स्की पास ऑनलाइन काढलेला असला तरी टप्पा उघडेलच असं नाही, म्हणून पूर्ण दौऱ्यात दोन रिकामे दिवस धरावेत.

आज फक्त नियंत्रित भागात उतरायचं. वर ३,९५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्के, पहिल्या दहा वळणांतच कळतं. दोरी कुठून कुठे जाते ते नीट पाहून घ्यायचं, कारण ढग खाली आले की काही मीटरपलीकडचं दिसत नाही आणि चुकून बाहेर जाणारे जाणूनबुजून जाणाऱ्यांपेक्षा जास्त गोंधळलेले असतात. बंद असा फलक असलेली दोरी कोणत्याही कारणाने ओलांडायची नाही. वरून तुम्ही मोकळा केलेला बर्फ खालच्या उघड्या उतारावरच्या माणसांवर जातो.

माथ्याच्या पलीकडे, ताबारेषेच्या बाजूला, जायचं नाही. तो लष्कराचा भाग आहे, आणि तिकडे उतरलं तर परत गुलमर्गला आणणारी सोयीची वाट नाही. चौकी, मनोरा, तारा, जवान ह्यांचे फोटो काढायचे नाहीत. अडवलं तर थांबायचं, ओळखपत्र दाखवायचं. आधार किंवा पासपोर्ट जॅकेटच्या आत असू द्यावा.

संध्याकाळी चंदीगडच्या डीजीआरई ह्या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा बघायचा. तो जिल्ह्यानुसार असतो. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, आणि किती मीटरच्या वर किती धोका ते त्यात दिलेलं असतं. पण अख्ख्या जिल्ह्याचा इशारा एका ओढ्याचं काही सांगत नाही. म्हणून पेट्रोलच्या माणसाला गाठून आज कुठे बर्फ सुटला, कोणत्या तोंडाच्या (म्हणजे कोणत्या दिशेकडे बघणाऱ्या) उतारावर, किती जाडीचा, हे विचारायचं. ते लोक आनंदाने सांगतात.

पाचवा दिवस: हिमवर्षाव, मुक्काम

पश्चिमेकडून येणारा जो झंझावात फेब्रुवारीत विदर्भात गारपीट करून हरभरा आणि संत्र्याचा बहर झोडपतो, तोच अनेकदा आधी काश्मीरवर बर्फ टाकून आलेला असतो. नागपूरला घरी फोन केला आणि आभाळ भरलंय असं कळलं तर वर काय चाललंय ह्याचा अंदाज येतो.

अशा दिवशी बाहेर पडायचं नाही. पण बसल्या जागी समजून घेण्यासारखं बरंच असतं. काश्मिरी पंचांगात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. कलानच्या काळात थोडा बर्फ पडून मग कोरडी, कडाक्याची थंडी राहिली तर जमिनीची ऊब आणि वरचा गारठा ह्यांच्या ओढाताणीत खालच्या थराचे स्फटिक मोठे, कोरडे आणि एकमेकांना न चिकटणारे होतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास बोडकं होतं, तेव्हा देशभर त्याचे फोटो फिरले. नंतर दमदार बर्फ आला की वर जाड, एकसंध पाटा तयार होतो. ज्वारीचे दाणे पसरून त्यावर जाड सतरंजी अंथरावी तशी ती रचना असते, आणि तिरप्या जमिनीवर. एका स्कीच्या वजनाने खालचा थर कोसळतो, तडा सेकंदात आडवा पसरतो आणि अख्खा पाटा सुटतो. सुटण्याची जागा स्कीपटूच्या खूप वरही असू शकते. म्हणून बर्फ भरपूर आहे ह्याचा अर्थ तो भक्कम बसलाय असा होत नाही.

अफरवटचा गोंडोलाकडचा उतार मुख्यतः पूर्व आणि ईशान्येकडे बघतो, आणि वादळी वारा पश्चिमेचा. वारा माथ्यापलीकडचा बर्फ उचलून नेमका ह्या आडोशाच्या बाजूला आणून टाकतो. दिवसभरात आकाशातून ३० सेंटीमीटर पडला असेल तर माथ्याखालच्या वाटीत त्याच्या दुप्पट-तिप्पट साठलेला सापडतो. सकाळी उन्ह पडताच पूर्वेकडचा उतार सर्वात आधी तापतो हेही त्यात मिळवावं.

झालेल्या घटना तारखेनिशी माहीत असाव्यात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग परिसरात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. बर्फावरच्या युद्धाचं शिक्षण देणारी ती संस्था. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला, सोबतच्यांना वाचवण्यात यश आलं. तिन्ही घटना फेब्रुवारीच्या. नागपूरहून जाणाऱ्यांच्या सुट्ट्या बहुधा ह्याच महिन्यात पडतात.

विम्याचे कागदही आजच वाचावेत. बहुतेक प्रवासविम्यांत स्कीइंग चालतं, पण 'आखलेल्या मार्गाबाहेर' हा शब्दप्रयोग वगळणुकीत दडलेला असतो. तसंच ४,००० मीटरची मर्यादा. हेलिकॉप्टर बोलावलं की येतं अशी व्यवस्था इथे गृहीत धरता येत नाही. जखमीला आधी तंगमर्गच्या रुग्णालयात, मग श्रीनगरला न्यावं लागतं. हाडांसाठी बर्झुल्ल्याचं सरकारी बोन अँड जॉइंट रुग्णालय, गंभीर अवस्थेसाठी सौराची शेर-ए-काश्मीर संस्था. रस्ता बर्फाने बंद असेल तर हे तासांचं काम आहे. पायाला लावायची लवचिक खपची, उब टिकवणारी पन्नी आणि स्कीची ओढगाडी बनवायला दोरी गटाच्या सामानात असलीच पाहिजे.

सहावा दिवस: दोरीपलीकडे

हिमवर्षाव थांबल्यावर लगेचचा दिवस हा नव्हे. आभाळ निवळल्यावर किमान एक-दोन दिवस नियंत्रित भागातच काढायचे, आणि रिकाम्या धरलेल्या दिवसांचा खरा उपयोग हाच. इशारा पाचापैकी चार किंवा पाच असेल तर दोरीपलीकडे पाऊल नाही. तीन असेल तर ३० अंशांच्या आतले उतार आणि तेही ज्यांच्या डोक्यावर तीव्र उतार नाही असेच. दोन असेल तर गाइडसोबत, तोंड आणि उतार निवडून. पाटा सुटतो तो बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांत, आणि स्कीची मजाही नेमकी त्याच अंशांत असते.

कोन डोळ्यांनी मोजू नये, सगळ्यांचा अंदाज चुकतो. फोनमधल्या कोनमापकाने किंवा दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी: एक काठी उताराच्या वरच्या बाजूला तोंड करून उभी रोवायची आणि दुसरी तिच्या मध्यावरून चढाच्या दिशेने आडवी धरायची. आडवीचं टोक बर्फाला जेमतेम टेकलं तर उतार सुमारे २७ अंश. टोक पोहोचण्याआधीच बर्फ आडवा आला तर उतार त्याहून तीव्र, मग यंत्रानेच मोजावा.

निघताना प्रत्येकाच्या ट्रान्सीव्हरची तपासणी. नेता शोधावर, बाकी प्रक्षेपणावर, एकेकाने त्याच्यासमोरून अंतर ठेवून जायचं. मग नेता स्वतःचा प्रक्षेपणावर टाकतो आणि शेवटचा माणूस तो तपासतो. हे विसरण्याची जागा म्हणजे गोंडोलातून उतरल्या उतरल्या. थंडी असते, घाई असते. म्हणून हॉटेलच्या दारातच करावं आणि नंतर बंद करूच नये. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत खाली येणार हे हॉटेलात आणि पेट्रोलला सांगून निघायचं. हद्दीबाहेर संध्याकाळी कुणी राहिलं का बघायला रोजची फेरी होत नाही.

उताराच्या कडेला, सुरक्षित आणि त्याच तोंडाच्या लहान जागी, खड्डा खणून बघायचा. रुंदी ९० सेंटीमीटर, वरच्या दिशेला ३०, असा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करून एका टोकावर फावडं ठेवायचं. मनगटातून दहा ठोके, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. तडा पडून एका झटक्यात पूर्ण रुंदीभर पळाला तर तो उतार आज नाही. तडा नाही पडला तर मात्र उतार सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र मिळत नाही. ह्या चाचणीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, 'हो' म्हणण्याचा नाही. तसंच आजूबाजूला ताजं स्खलन दिसलं, पायाखाली 'वुम्फ' असा बसका आवाज आला, स्कीच्या टोकापासून चिरा धावल्या, तर खड्डा खणायचीही गरज नाही. आल्या वाटेने मागे.

उतरताना एकावेळी एकजण. बाकीचे बाजूच्या उंचवट्यावर, डोळे त्याच्यावर. खाली पोहोचलेल्याने ओढ्याच्या तळाशी थांबायचं नाही. सुटलेला बर्फ तिथेच साठतो आणि उथळ दरीत तो कित्येक मीटर खोल होतो. रानाच्या कडेचा उंचवटा गाठून मगच काठी वर करायची. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले, एअरबॅगचा हँडल बाहेर काढलेला. पाटा सुटलाच तर आधी हँडल, मग शक्य तर बाजूला निसटणं, आणि बर्फ थांबू लागताच हात तोंडासमोर.

'मागच्या माणसाच्या खुणा आहेत म्हणजे उतार टिकला' हे सर्वात धोकादायक वाक्य. पाटा पहिल्याच माणसाने सुटतो असं नाही. जिथे थर पातळ असतो तिथे कुणी गेलं की सुटतो, मग तो पाचवा का असेना. आणि गटातल्या कुणालाही, अगदी सर्वात नवख्याला, कारण न देता 'मी जाणार नाही' म्हणता आलं पाहिजे. एकाने म्हटलं की सगळे परत, आणि नंतर त्याला कुणी काही विचारायचं नाही.

सातवा दिवस: रानातून बाबारेशी

दृश्यमानता कमी असली की रान. गुलमर्गच्या खालच्या देवदारवर्गीय दाट रानातून बाबारेशीच्या जियारतीकडे उतरता येतं, तिथून गाडीने परत. गाडी आधी सांगून ठेवावी. दर्ग्याच्या आवारात स्की हातात घेऊन, शांतपणे जावं.

झाडं म्हणजे स्खलन नाही असं नाही. विरळ रानात पाटा झाडांमधूनही येतो. पण इथला वेगळा धोका बुंध्याभोवतीच्या पोकळीचा. खाली वाकलेल्या फांद्यांमुळे बुंध्याजवळ बर्फ घट्ट बसत नाही, खोल खळगा राहतो. स्कीपटू डोक्यावर आत पडला तर स्वतःहून निघता येत नाही आणि धडपडीने बर्फ आणखी ओघळतो. म्हणून रानात दोघांच्या जोड्या, एकमेकांच्या नजरेत, आणि दर काही वळणांनी हाक. शिट्टी गळ्यात. इथे ट्रान्सीव्हरपेक्षा सोबत्याने लगेच लक्षात घेणं उपयोगी पडतं.

शेवटचा दिवस: परत

निघण्याआधी पेट्रोलला आपण पाहिलेलं सांगावं: कुठे तडा गेला, कोणत्या उंचीवर, कोणत्या तोंडावर, खड्ड्यात काय सापडलं. पुढच्या गटाला ते कामी येतं. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे टप्पे जास्त, सामान बाहेरच्या फाटकाजवळच गाडीतून उतरवून क्ष-किरणातून जातं. विमानाच्या वेळेआधी तीन-साडेतीन तास पोहोचावं. गॅसचं नळकांडं वापरलं गेलं असेल तर रिकामं असल्याचं काउंटरवर सांगावं, दाबमापक दिसेल असं वर ठेवावं.

घरी आल्यावर ट्रान्सीव्हरच्या बॅटऱ्या काढायच्या, नागपूरच्या मे महिन्यात त्या यंत्रात गळतात. एअरबॅग एकदा पूर्ण फुगवून, वाळवून घडी करायची. स्किन्स सावलीत सुकवून गोंदाच्या बाजूने जाळीवर चिकटवायच्या आणि झिपच्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. पंचेचाळीस अंशांत माळ्यावर राहिलेल्या स्किनचा गोंद वितळून स्कीच्या तळाला लागतो, आणि पुढच्या हंगामात पहिल्याच चढावर ती निसटते.